शहाण्णवावा खळगा

संस्थेत बाईंना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे काळजीबाई. घरातून निघताना त्या गॅसची कळ तीनदा बघत, जिना उतरत, अर्ध्यातून परत येत आणि चौथ्यांदा बघत. त्यांची आई शेजारणीला सांगायची, "हिला काळजी करण्याचा पगार मिळतो. मी मेली जन्मभर फुकट केली."

थट्टा होती, पण खोटी नव्हती. कुणाला कोणता आजार गाठण्याची शक्यता आहे हे त्याच्या रक्तातून आधीच ओळखायचं आणि त्या माणसाला वेळेत सावध करायचं, हेच बाईंचं काम. अठरा वर्षं त्या ते करत होत्या.

त्याची सुरुवात घरातच झाली. बाई एकोणीस वर्षांच्या असताना त्यांचे वडील सकाळी दाढी करता करता खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. वय एक्कावन्न. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'अचानक'. भेटायला येणाऱ्यांच्या बोलण्यातून मग हळूहळू कळत गेलं की थोरले काका बावन्नाव्या वर्षी असेच गेले होते, मधले अठ्ठेचाळिसाव्या, आणि आजोबांनी तर पन्नाशीही पाहिली नव्हती. बाईंनी कॉलेजच्या वहीच्या मागच्या पानावर चार आकडे एकाखाली एक लिहिले. ते बघितल्यावर 'अचानक' हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरेना. चार जण एकाच वयात एकाच रीतीने जातात, त्यात अचानक काय? कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आईला मात्र हे पटत नसे. "सांगून काय होणार होतं? त्या माणसाने आयुष्यात कधी छत्री नेली नाही. पाऊस येणार हे काय त्यांना कुणी सांगितलं नव्हतं?"

बाई डॉक्टर झाल्या, पण दवाखाना काढला नाही. सार्वजनिक आरोग्याकडे वळल्या. दहा वर्षं जिने चढून दारोदारी लोकांचा रक्तदाब मोजला, दारं तोंडावर आपटून घेतली, कुत्री अंगावर घेतली. पस्तिसाव्या वर्षी आपल्याहून बारा-बारा वर्षांनी लहान असलेल्या मुलांबरोबर वर्गात बसून जनुकशास्त्र शिकल्या. संस्थेत आल्या तेव्हा विभाग म्हणजे एक खोली, एक फ्रीज आणि काका. काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. हात इतका स्थिर की लोक म्हणत, ह्यांच्या हातून थेंबसुद्धा परवानगी घेऊन पडतो.

ह्या कामाचं एक दुखणं आहे. बरा झालेला पेशंट पेढ्यांचा पुडा घेऊन येतो. जो आजारीच पडला नाही तो कशाला येईल? आपण केलेलं कुणाला दिसत नाही आणि आपलं चुकलेलं मात्र अंगावर उभं राहतं. बाईंना हे माहीत होतं, आणि म्हणून त्या ताकही फुंकून पीत. एवढं असूनही व्हायचं ते झालं.

त्या वर्षी त्यांनी मोठं काम हाती घेतलं होतं. तीस ते साठ वयाच्या बायकांचं रक्त घेऊन त्यात स्तनांच्या कर्करोगाकडे नेणारा एक दोष आहे का, ते पाहायचं. दोष वारशाने येतो. ज्या बाईत सापडेल तिला निदान पर्याय तरी सांगता येतात. दर वर्षी बारकाईने तपासणी करून घ्यायची, किंवा आजार व्हायच्या आतच ऑपरेशन करून दोन्ही स्तन काढून टाकायचे.

रक्तातून काढलेला डीएनए एका प्लेटमध्ये ठेवतात. प्लेट हाताच्या पंजाएवढी, प्लास्टिकची, तिला आठ ओळींत बारा-बारा असे शहाण्णव बारीक खळगे. एका खळग्यात एक बाई. प्लेट मशीनमध्ये सरळ ठेवली तर पहिला खळगा पहिलाच वाचला जातो. उलटी, म्हणजे पुढची बाजू मागे करून ठेवली, तर शेवटची बाई पहिली होते आणि पहिली शेवटची, आणि मशीनला त्याचं काही सोयरसुतक नसतं. म्हणून बाईंच्या विभागात एक शिस्त होती. शेवटचा, शहाण्णवावा खळगा कायम रिकामा सोडायचा. रिकामी जागा शेवटी आली की प्लेट सरळ, सुरुवातीला आली की उलटी. ही शिस्त बाईंनीच घालून दिली होती आणि बाईंनीच ती एकदा मोडली.

रक्त घेण्याच्या शिबिराचा शेवटचा दिवस. पंच्याण्णव बायका झाल्या होत्या, टेबलं आवरायला घेतली होती आणि एक शिवणकाम करणारी बाई धापा टाकत आली. गळ्यात टेप तशीच. म्हणाली, गिऱ्हाईक सोडेना, म्हणून उशीर झाला. माझी बहीण ह्याच आजाराने गेली. पुढचं शिबिर कधी होईल ह्याचा पत्ता नव्हता. बाई काकांकडे वळून म्हणाल्या, "शहाण्णवाव्यात घ्या."

काका म्हणाले, "तो रिकामा ठेवतो ना आपण?"

"एवढ्या एका वेळी. घ्या हो, काका. बहीण गेलीय तिची."

काकांनी घेतलं.

दोन महिन्यांनी निकाल आले. एकीत दोष निघाला, क्रमांक अकरा. ती एका शाळेत चित्रकला शिकवायची. अडतीस वर्षांची, दोन मुलींची आई. निकाल पक्का करायला काकांनी दुसऱ्यांदा तपासणी केली. तेच उत्तर. बाईंनी तिला बोलावलं, खोलीचं दार लावलं आणि दोन तास बसून सगळं सांगितलं. शिक्षिका रडली नाही. तिची एक मैत्रीण ह्याच आजाराने वर्षभर झिजत गेली होती. म्हणाली, "दर वर्षी तपासणीला जायचं आणि निकालाच्या पाकिटाकडे बघत बसायचं, ते माझ्याच्याने होणार नाही. काढूनच टाका." तीन महिन्यांनी, एका गुरुवारची तारीख मिळाली.

दोष आईकडून आला की वडिलांकडून हे कळलं तर त्या बाजूच्या मावश्या-आत्यांना सावध करता येतं. म्हणून बाईंनी शिक्षिकेच्या आईवडिलांचंही रक्त मागवलं. ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी त्याचा निकाल हातात आला.

दोघांतही दोष नव्हता. एवढंच असतं तर फार मोठी गोष्ट नव्हती. क्वचित असा दोष नव्यानेही उपजतो. पण तपासणीत नातंही कळतं. क्रमांक अकरा ही त्या बाईची मुलगी नव्हती, आणि त्या पुरुषाचीही नव्हती.

विभागात कुजबुज सुरू झाली. "दत्तक असणार. सांगितलं नसेल घरच्यांनी." संचालक साहेबांनी फाईल चाळली आणि मिटून ठेवली. "घरातली गोष्ट आहे, मॅडम. आपण तिच्यात पडायचं नाही. दोष दोनदा सापडलाय, ऑपरेशन ठरलंय, आपलं काम संपलं."

बाईंना ते पटायला हवं होतं. पटलंही होतं, पार घरी पोचेपर्यंत. जेवताना आई म्हणाली, "भात चिवडतेस कशाला? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही."

"मग तर तुझं कामच झालं. जेव."

शनिवारी बाई एका कागदावर सही घेण्याचं निमित्त काढून शिक्षिकेच्या घरी गेल्या. काय शोधायला निघालो आहोत हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दारातच दवाखान्यासाठी भरलेली एक बॅग होती. शिक्षिकेची आई आठ दिवस आधीच राहायला आली होती, मुलींना सांभाळायला. दोघी मायलेकी पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत होत्या.

"बसा ना," आई म्हणाली. "हिला सांगते, विश्रांती घे, तर ऐकेल तर शपथ. जन्माला यायलासुद्धा अठ्ठावीस तास लावले हिने. तेव्हापासून हट्टी."

"आई, डॉक्टरांना ते कशाला सांगतेस?"

"का? डॉक्टरांना नाही सांगायचं तर काय वाण्याला सांगायचं?"

बाई हसल्या आणि हसता हसता थांबल्या. आईने फ्रॉकची घडी दाबली तेव्हा तिची करंगळी आतल्या बाजूला वळली होती, कोयत्यासारखी. शेजारी शिक्षिकेने दुसरा फ्रॉक दाबला. तीच करंगळी. तोच बाक, तेच पेर. असं बोट घराण्यातून येतं, हे बाई वर्गात शिकवत आल्या होत्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. इथे तर मशीनचा आरसा सांगत होता की कांकणच नाही.

एखादीने दत्तक मुलीसाठी अठ्ठावीस तासांच्या कळा कशाला रचाव्यात? रचल्या समजा. बोट कसं रचणार?

ही खरंच ह्या आईची मुलगी असेल तर प्लेटमधला क्रमांक अकरा ही शिक्षिका नव्हती. आणि ती शिक्षिका नसेल तर गुरुवारी एका धडधाकट बाईचे स्तन कापले जाणार होते, बाईंच्या सहीने. सही घ्यायला आणलेला कागद त्यांनी तसाच पर्समध्ये ठेवला आणि घरी परत आल्या.

रविवारी संस्था बंद. सोमवारी बाई काकांच्याही आधी दारात उभ्या होत्या. दोघांनी जुनी नोंदवही काढली. काकांचं बोट ओळींवरून सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थबकलं.

"काय झालं, काका?"

"शहाण्णवावा भरलेला आहे." त्यांनी चष्मा काढला. "प्लेटचा एक कोपरा छाटलेला असतो, त्यावरूनही कळतं. पण प्लेटांची ती खेप दुसरीकडून आली होती. चारी कोपरे सारखे. मी म्हटलं होतं रिकामा ठेवू."

"म्हणाला होतात. मीच भरायला लावला."

"आणि दुसऱ्यांदा तपासलं ते..."

"त्याच प्लेटमधून, तशीच ठेवून," बाई म्हणाल्या. "एकाच साक्षीदाराला दोनदा विचारलं आपण."

काका खुर्चीत बसले. तीस वर्षांत ते कामाच्या वेळी बसलेले कुणी पाहिले नव्हते. म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की हो मी."

"अजून दिलेली नाही. गुरुवारी आहे."

प्लेट उलटी गेली असेल तर अकरा म्हणजे खरं तर शहाऐंशी. पण हा झाला तर्क. पुरावा हवा तर शिक्षिकेचं ताजं रक्त घेऊन ती एकच जागा तपासायला हवी, आणि त्याला दोन दिवस लागतात. बुधवारी संध्याकाळी उत्तर, गुरुवारी सकाळी ऑपरेशन.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणला. "तिला आत्ता काही बोलू नका. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी रक्त हवंय म्हणा. तसंही घेतातच. तुमची शंका खरी निघाली तर बुधवारी सांगू. खोटी निघाली तर तिला उगाच ताप नको. संस्थेलाही नको."

साहेबांचं बोलणं गोड होतं, आणि अर्धं खरंही होतं. बाई रिक्षात बसल्या तेव्हा त्यांनी तेच करायचं ठरवलं होतं. वाटेत दोनदा वाक्य जुळवून पाहिलं: एक नेहमीची तपासणी राहिली आहे. अगदी सहज जमत होतं, आणि जमत होतं म्हणूनच त्यांना त्याची भीती वाटली. वडिलांच्या कागदावर कुणीतरी असंच सहज 'अचानक' लिहिलं होतं.

शिक्षिका शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत होती. सहा आठवड्यांची रजा घ्यायची म्हणून मुलांचे ब्रश धुऊन बरण्यांत उभे करत होती. बाईंनी दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. आमची चूक झालेली असू शकते. झालीच असेल असं नाही, पण शक्यता मोठी आहे. चूक कशी झाली, कुणाच्या सांगण्यावरून झाली, तेही सांगितलं.

शिक्षिकेने नळ बंद केला. "म्हणजे मला तो दोष नाही?"

"माहीत नाही."

"मागच्या वेळी तर माहीत होतं तुम्हाला. दोन तास माहीत होतं."

तिने हातातला ब्रश बरणीत उभा केला.

"मी मुलींना सांगितलंय हो. धाकटी नऊ वर्षांची आहे. रोज रात्री विचारते, आई तुला दुखेल का. तीन महिने मी आरशात बघून स्वतःचा निरोप घेतेय, आणि तुम्ही म्हणता, माहीत नाही."

"बुधवारी संध्याकाळी कळेल. ऑपरेशन तोवर पुढे ढकलायला मी सर्जनना..."

"नाही. तारीख गेली तर पुन्हा तीन महिने जातील. दोष निघाला तर? मी पुन्हा तीन महिने अशी नाही जगणार. तारीख राहू दे." तिने बाही वर केली. "घ्या. आणि ह्या वेळी माझं नाव नीट लिहा. वाकडं लिहिलंत तर शाळेत अंगठे धरून उभं करते मी मुलांना."

बाईंना शीर दुसऱ्या खेपेला सापडली.

मंगळवार गेला. बाईंना त्यातलं फारसं काही आठवत नाही. फक्त काका आठवतात. त्यांनी रक्ताचे तीन भाग केले आणि तीन वेगवेगळ्या नळ्यांतून तपासायला लावले. प्रत्येक नळीवरचा क्रमांक ते मोठ्याने वाचत आणि समोर बसलेल्या बाई तो मोठ्याने परत म्हणत, पाढे म्हटल्यासारखे. बाहेरून जाणारी मंडळी थबकून बघत. बुधवारी दुपारी शिक्षिकेच्या आईचा फोन आला. "हिला सांगू नका मी फोन केला म्हणून. काही कळलं का?" तासाभराने पुन्हा आला. "मी म्हटलं, विचारावं." तिसऱ्यांदाही आला. नुसता श्वास ऐकू आला आणि मग "बरं, ठेवते."

पाच वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर रेघ उमटली. दोष नव्हता. दुसऱ्या नळीत नव्हता, तिसऱ्या नळीतही नव्हता.

बाईंनी आधी सर्जनना कळवलं. ऑपरेशन रद्द झालं हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मग शिक्षिकेला फोन लावला. मग शिक्षिका म्हणाली, "मग आता सहा आठवडे मी काय करू? रजा तर मंजूर झालीय." तिला हसू आलं असावं, पण ते हसू मध्येच फुटलं आणि मागून कुणीतरी, बहुधा तिच्या आईने, फोन काढून घेतला.

तिने बाईंना माफ केलं असं नाही. पुढे कधी रस्त्यात दिसली तर ती मान हलवायची, थांबायची मात्र नाही. बाईंनी त्या प्लेटमधल्या सगळ्या बायकांना चूक कळवणारं पत्र पाठवलं, सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलं, आणि 'शहाण्णवावा खळगा मी भरायला लावला' हे वाक्य साहेबांनी तीनदा खोडलं तरी अहवालात ठेवलं. विभागाच्या प्रमुखपदासाठी त्यांचं नाव त्या वर्षी मागे पडलं आणि पुन्हा पुढे आलं नाही. त्या अजूनही तिथेच काम करतात. विभागातली पक्की तपासणी आता ताज्या रक्तावरच होते.

पण हे सगळं नंतरचं. गुरुवारी सकाळी, जे ऑपरेशन व्हायचं होतं त्याच वेळेला, बाई एका टपाल कचेरीत रांगेत उभ्या होत्या. शहाऐंशी क्रमांकाची बाई तिथे तिसऱ्या खिडकीवर बसायची. पंचेचाळिशीची, गोल चेहऱ्याची. कुणाचं पार्सल सुतळीने नीट बांधलेलं नसेल तर स्वतःच बांधून द्यायची. 'आपल्या तपासणीत काही दोष आढळला नाही' असं पत्र तिला तीन महिन्यांपूर्वी गेलं होतं.

बाईंची आई सकाळी म्हणाली होती, "फोन कर की. जायला कशाला पाहिजे?"

"फोनवर कसं सांगू? आपण खुर्चीत बसून, तिला तिकडे उभं ठेवून?"

बाई निघाल्या तेव्हा आईने स्वतः उठून गॅसची कळ बघितली आणि हाताने खूण केली, बंद आहे, जा.

रांग पुढे सरकली. बाईंच्या पुढे दोघे, मग एक, मग कुणीच नाही. खिडकीतल्या बाईने वर पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अहो डॉक्टर, तुम्ही? शिबिरात भेटला होतात. तुमचं पत्र आलं हो. मी तर बहिणीलाही कळवलं, म्हटलं, आपल्याला काही नाही, तूही निर्धास्त राहा." तिने हात पुढे केला. "द्या, काय पाठवायचंय?"

बाईंच्या हातात काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, "पाठवायचं काही नाही. तुमच्याशी जरा बोलायचं होतं. दहा मिनिटं बाहेर येता का?"

खिडकीतल्या बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पुढे केलेला हात तिने हळूच मागे घेतला, मागे रांगेत उभ्या असलेल्यांकडे एक नजर टाकली, आणि 'खिडकी बंद' ही पाटी उचलून काचेला लावली.